बोरीवरचे कोळी

आमच्या घराचा एक कोपरा कधीच झाडला जात नसे. सणावाराला अव्वा, म्हणजे माझी आई, पदर खोचून आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत घर लख्ख करायची, पण माजघरातल्या देवळीच्या वर, जिथं धाब्याची तुळई भिंतीत शिरत होती, तिथं आली की तिचा केरसुणीचा हात थांबायचा. तिथं लांब पायांचा एक कोळी राहत होता आणि तो माझा होता. शेजारणी यायच्या, वर बघायच्या आणि म्हणायच्या, "बाई, जळमट राहिलं की वो वर." अव्वा पीठ मळता मळता सांगायची, "राहू द्या. पोराचा जीव हाय त्याच्यात." एवढ्यावर विषय संपायचा. दुसऱ्या एखाद्या घरात माझ्यासारख्या मुलाला वेडा ठरवलं असतं, अंगारा लावला असता. आमच्याकडं माझ्यासाठी एक कोपरा सोडून दिला होता.

लोहाऱ्याच्या खालच्या अंगाचं आमचं गाव निजामाच्या राज्यात होतं. घरात कन्नड, गल्लीत मराठी आणि शाळेत उर्दू, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. त्यामुळं माझ्या कोळ्यालाही तीन नावं होती. घरात तो जेड, गल्लीत कोळी आणि मास्तरांसमोर मकडी. आप्पांचं किराणा दुकान होतं आणि ओढ्यापलीकडं थोडी काळी जमीन. मला दुकानात बसवलं की मी गुळाच्या ढेपेकडं येणारी मुंग्यांची रांग बघत बसायचो. एक मुंगी परत जाताना समोरून येणाऱ्या प्रत्येकीशी तोंडाला तोंड लावून काय बोलत असेल याचा विचार करायचो, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून खाकरायचं. एकदा एक म्हातारा चिडून आप्पांना म्हणाला, "शेटजी, तुमचं पोरगं मुक्कं हाय का भैरं?" आप्पा मीठ मोजता मोजता म्हणाले, "दोन्ही न्हाय. त्यो मुंग्यांचं गिऱ्हाईक बघतो, मी माणसांचं." म्हातारा हसला. मीही हसलो. आप्पांनी त्यानंतर मला दुकानात बसवणं कमी केलं, पण रागानं नव्हे.

आमच्या समोरच हुसेनचाचा पिंजाऱ्यांचं घर होतं. थंडी सुरू झाली की गावभरच्या गाद्या-रजया त्यांच्या ओसरीवर यायच्या आणि सकाळपासून त्यांच्या कापूस पिंजायच्या कमानीची तात वाजायला लागायची. तो आवाज आमच्या घरात पाण्यासारखा भरून राहायचा. तात कापसात शिरली की जड, भरलेला, आणि सुटली की लांबत जाणारा. अव्वाची भाकरी त्या आवाजावर थापली जायची असं मला वाटायचं. चाचांच्या भुवयांवर, दाढीत, कानांच्या पाळ्यांवर कापूस असायचा. जुन्या गादीतून काही ना काही निघायचंच. ते निघालं की चाचा हात थांबवायचे, काड्यापेटीत ते अलगद घालायचे आणि रस्त्यापलीकडून हाक मारायचे, "शिवा, ओ शिवा! आ रे बेटा, तेरा मेहमान आया!" मी धावत जायचो. पेटीत कधी चंदेरी कसर असायची, कधी सरकीतला लाल किडा, कधी पाय मोडलेली एखादी घोण. चाचांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं ते मोकळेपणानं सांगायचे. "मेरे कू तो सब कीडेच दिखते," म्हणायचे, "तू देख, और मेरे कू बता." मग मी सांगायचो आणि ते बिडी ओढत मनापासून ऐकायचे.

त्यांचा महेबूब माझ्याच वर्गात होता. त्याला बघत बसण्याची आवड नव्हती, त्याला मी आवडत होतो. मी बांधावर पालथा पडलो की तो शेजारी उताणा पडायचा, आभाळाकडं बघत चिंचा खायचा आणि अधूनमधून विचारायचा, "झालं का?" मी म्हणायचो, "थांब." तो थांबायचा. आयुष्यात पुढं अनेक माणसांनी माझ्यावर प्रेम केलं, पण न समजणाऱ्या गोष्टीसाठी इतकं शांतपणे थांबणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

आमच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात, गुंडप्पाकाकांच्या शेताला लागून, बांधावर एक खुरटी बोर होती. त्या बोरीच्या काट्यांत मला ते घर सापडलं. लांबून बघितलं तर मळकं, पाचोळा अडकलेलं फडकं वाटावं. जवळ गेल्यावर त्यात बारीक भोकं दिसायची आणि भोकांच्या तोंडाशी राखाडी कोळी. एक नव्हे, कितीतरी. माझा माजघरातला कोळी एकटा राहायचा आणि दुसरा आला की त्याच्या अंगावर जायचा. हे मात्र एका घरात नांदत होते. दिवस कलला की बाहेर यायचे, फाटलेलं जाळं मिळून शिवायचे. महेबूबनं एकदा एक नाकतोडा जाळ्यात टाकला. आधी एक आला, मग तीन-चार, मग चारी बाजूंनी, आणि लग्नाचा पाट सरकवावा तसं त्यांनी मिळून तो नाकतोडा भोकाकडं ओढत नेला. महेबूब पहिल्यांदाच उठून बसला. "अबे," तो म्हणाला, "ये तो पूरा खानदान है!" परवा नातीनं तिच्या फोनवर शोधून मला वाचून दाखवलं की अशी एकत्र राहणारी जात फार थोडी आहे. मी मान हलवली. तिला सांगावंसं वाटलं की हे मला ठाऊक होतं, पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

गुंडप्पाकाका आमच्या बांधाचे भाऊ. मोठं पोट, मोठा आवाज. मला बोरीपाशी बघितलं की औत थांबवून ओरडायचे, "काय रे जावई, सासरवाडी बरी हाय का?" माझं लग्न त्या कोळ्यांच्या घरात ठरलंय असा त्यांचा विनोद होता आणि तो त्यांना कधी जुना वाटला नाही. त्यांच्या बायकोला ते घर जाळून टाकायचं होतं, कारण बोरं काढताना जाळं हाताला चिकटायचं. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. जावयाचं घर हाय."

येळवस आमच्याकडचा मोठा सण. थंडीतल्या त्या अमावास्येला गावात चूल पेटत नाही, सगळं गाव शेतात जातं. आदल्या रात्री अव्वा आणि चुलत्या जागून भज्जी करायच्या. हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे, वालाचे, रानातली मिळेल ती भाजी, बेसनात एकजीव शिजलेली. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि आंबट ताकातली अंबील, तिचं मडकं घोंगडीत गुंडाळून डोक्यावर न्यायचं. शेतात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची, पिकावर अंबील शिंपडायची, आणि मग जो दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. चाचांचं कुटुंब दर वर्षी आमच्या खोपीत जेवायचं. चाची आमच्यासाठी शेवयांचा डबा आणायची आणि अव्वा तो सगळ्यांच्या आधी उघडायची.

सणाचा शेवट टेंभ्यानं व्हायचा. सूर्य खाली गेला की कडब्याची पेंढी घट्ट आवळून पेटवायची आणि घरातल्या एका पोरानं ती घेऊन पिकाभोवती बांधावरून धावायचं. पीक उजव्या हाताला ठेवायचं, टेंभाही उजव्या हातात, पिकाच्या अंगाला धरायचा, म्हणजे थंडी आणि रोग शेताबाहेर पळतात. वाटेत थांबायचं नाही, मागं वळायचं नाही. फेरी तुटली तर साल वाईट जातं. त्या वर्षी पहिल्यांदा टेंभा माझ्या हाती आला. आप्पांनी माझ्या डोक्याला त्यांचा पटका बांधला. अव्वा म्हणाली, "जपून रे बाबा." गुंडप्पाकाका त्यांच्या खोपीतून ओरडले, "पळ जावई, बघू सासरकडचा पाय!"

मी धावलो. ज्वारी पोटरीत आली होती, तिच्या पानांवर उजेड पळत होता, मागून सगळे आरोळ्या देत होते. वरचा कोपरा आला आणि मला बोर दिसली. ती बांधाच्या उजव्या कडेला, पिकाच्या अंगालाच होती आणि टेंभा बरोबर तिच्यावरून जाणार होता. कोळी त्या वेळी बाहेर असायचे, जाळं शिवत. मी थांबू शकत नव्हतो. मी टेंभा डाव्या हातात घेतला आणि बांधाबाहेर, लांब धरला. डाव्या अंगाला गुंडप्पाकाकांच्या कडब्याची गंजी होती. पेंढीचा एक जळता भाग सुटून खाली गेला. तो गंजीच्या बुडाशी, वाळक्या पाचोळ्यात पडलेला मला दिसला. विझेल असं मला वाटलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. मी जाळ्याकडं बघितलं, ते शाबूत होतं, आणि मी धावत राहिलो.

फेरी पुरी झाली. टेंभा मातीत विझवला, सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या. गाड्या जुंपल्या, भांडी चढली. आम्ही ओढ्यात उतरत होतो तेव्हा महेबूबची बहीण म्हणाली, "ते बघा, काकाची खोप जळतीया." खोप नव्हती. गंजी होती. पुरुष गाड्या सोडून पळाले, त्यांच्यामागं मीही, पण ओढ्याच्या पाण्यापासून ती लांब होती आणि वाळला कडबा कुणाला थांबत नाही. गुंडप्पाकाका हातातली घागर तशीच धरून उभे राहिले. त्यांच्या बैलांचा उन्हाळ्याचा चारा होता तो.

आणि तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले हुसेनचाचा खाली बसले. "मैं बैठा था वहाँ," ते म्हणाले. "खाना खा के मैं उधरीच बैठा था, गंजी को टेक के. बिडी पिया मैं." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मेरी बिडी लगी रे गुंडप्पा. मेरी बिडी."

त्यांच्यावर कुणी आरोप केला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं. टेंभा पिकाच्या अंगालाच असतो, म्हणून त्याचा संशयही कुणाला आला नव्हता. गुंडप्पाकाका वळले आणि म्हणाले, "उठा हुसेनभाई. मुद्दाम केलं का तुमी? उठा." आप्पा लगेच म्हणाले, "आमचा निम्मा कडबा तुमचा, गुंडप्पा. आजच न्या." सगळं एवढ्या चांगुलपणानं झालं. मी तिथं पटका बांधून उभा होतो. 'चाचा, तुम्ही नाही, मी,' एवढं म्हणायचं होतं. मार बसला नसता. आमच्या घरात कुणी मला मारतच नसे. गुंडप्पाकाका जावई म्हणून एखादी शिवी हासडून मोकळे झाले असते. मला भीती वाटली ती वेगळीच. कोळ्यांसाठी टेंभा फिरवला हे कळलं तर पुन्हा कुणी माझ्यासाठी कोपरा सोडणार नाही, असं मला वाटलं. ज्या माणसांनी मला सगळं करू दिलं, त्यांच्यावर मी एवढाही विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोरीपाशी गेलो. जाळ्यावर राख बसली होती आणि कोळी ती काढत होते, नेहमीसारखे मिळून. महेबूब आला नव्हता. तो अब्बांबरोबर गुंडप्पाकाकांच्या शेतात जळलेला पाचोळा भरत होता. मला वरून त्यांच्या पाठी दिसत होत्या. मी बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यानंतर चाचांनी बिडी सोडली. कमान तशीच वाजायची, पण रस्त्यापलीकडून हाक आली की मी घरात नाही असं अव्वाकडून सांगायला लावायचो. काही दिवसांनी हाका थांबल्या. एकदा अव्वा वर बघून म्हणाली, "हल्ली बघत न्हाईस रे त्याला?" मी म्हणालो, "झाडून टाक." तिनं झाडलं नाही. तो कोपरा ती तशीच ठेवत राहिली, मी शिकायला धाराशिवला गेल्यावरसुद्धा.

हे इथंच थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण दिवस वाईट आले. संस्थान राहणार की जाणार या गोष्टीनं गावागावांत माणसं एकमेकांकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. आमच्या गावात कुणी कुणाला हात लावला नाही, पण बोलणं बदललं. मी सुट्टीत घरी आलो होतो. पारावर माणसं बसली होती, आप्पांसोबत मीही होतो. शेजारच्या गावचा एक पाहुणा म्हणाला, "तुमच्यात बी हायच की एक. गंजी जाळणारा." कुणीतरी म्हणालं, "व्हय, त्या पिंजाऱ्यानं येळवशीच्याच दिवशी जाळली की." 'चुकून' हा शब्द केव्हा गळून पडला ते कुणालाच कळलं नव्हतं. आप्पा ताडकन म्हणाले, "जाळली न्हाय. बिडीनं लागली. चुकून लागली. त्यानं सोताच्या तोंडानं कबूल केलंय, एवढा सरळ माणूस हाय." आप्पा त्यांच्या बाजूनं भांडत होते आणि भांडतानाही तेच खोटं बोलत होते, कारण खरं त्यांना मी दिलंच नव्हतं. मी आता मोठा होतो. मिसरूड फुटलं होतं. पारावर मला बोलायला जागा होती. मी चपलेनं माती उकरत राहिलो. गुंडप्पाकाकाही होते तिथं. पूर्वी ते मोठ्यानं म्हणाले असते, 'मुद्दाम केलं का त्यानं?' त्या दिवशी ते गप्प बसले.

थोड्याच दिवसांत चाचांनी बैलगाडी भरली. अंथरुणं, भांडी, आणि सगळ्यांच्या वर आडवी बांधलेली कमान. आप्पा गाडीपुढं उभे राहिले, "हुसेनभाई, मी हाय ना हितं," म्हणाले. चाचा म्हणाले, "तुम हो, इसी वास्ते जा रहा. तुमको कितने दिन बोलना पडेगा मेरे वास्ते?" महेबूबनं माझा हात धरला. "सोलापुरात मामू आहेत," तो म्हणाला. "ये." मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमत होतं.

म्हणून लिहून ठेवतो. गुंडप्पा आमच्या बांधाचे भाऊ, त्यांची गंजी येळवशीच्या संध्याकाळी माझ्या टेंभ्यानं पेटली. हुसेनचाचांची बिडी त्याआधीच विझली असणार. आजही शेताची ती पट्टी गावात 'पिंजाऱ्यानं जाळलेली' म्हणून ओळखली जाते. भूकंपानंतर गाव उठून नव्या जागी गेलं, घरांचे नंबर आले, पण शेताचं नाव बदललं नाही. ज्यांना हे ऐकायचा हक्क होता त्यांतलं आता कुणी नाही. त्यांच्या नातवंडांपर्यंत हे पोचलं तर पोचो.

मी एकदा सांगायला गेलो होतो. मास्तर झालो होतो, मुलं झाली होती. सोलापूरला महेबूबचं गाद्यांचं दुकान विचारत विचारत शोधलं. त्यानं मला ओळखलं आणि दुकानातल्या माणसांसमोर मिठी मारली. मागच्या खोलीत चाचा होते. डोळे गेले होते, दाढी कापसासारखीच झाली होती, पण आता ती कापसानं नव्हे. "अब्बा, शिवा आया," महेबूब म्हणाला. चाचांनी हात पुढं केले, माझं तोंड चाचपलं. जेवण झालं, चहा झाला. वाक्य माझ्या तोंडाशी होतं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "गुंडप्पा है?"

"गेले, चाचा. दोन सालं झाली."

"माफ किये क्या मेरे कू, जाने से पहले?"

मी म्हणालो, "कधीच केलं होतं."

"और तेरे अप्पा?"

"आप्पांनी मनात धरलंच नव्हतं."

"और तू, बेटा? तेरा पहिला टेंभा था उस दिन. मैं बिगाड दिया तेरा सण." त्यांनी माझा हात शोधून धरला. "तेरे कू बुलाता था मैं, तू आया नहीं. मैं समझ गया था. बच्चा है, नाराज है. बोल, तू माफ किया?"

खोलीत महेबूब होता, त्याची बायको दाराशी होती. सगळे माझ्याकडं बघत होते, आनंदानं.

मी म्हणालो, "केलं, चाचा."

त्यांनी दोन्ही हात वर करून माझ्यासाठी दुवा मागितली, माझ्या मुलांसाठी मागितली. नंतर ते उशीला टेकले आणि लहान मुलासारखे झोपी गेले. महेबूब मला स्टँडपर्यंत सोडायला आला. मी एस.टी.त चढलो तेव्हा तो खिडकीखाली उभा राहिला आणि गजातून माझा हात धरला. "इतक्या वर्षांत अब्बा असे झोपले नव्हते," तो म्हणाला. "तू आलास, तुझे उपकार झाले शिवा. लई उपकार झाले." गाडी हलली तरी त्यानं हात सोडला नाही, थोडं अंतर तो बरोबर चालत आला, आभार मानत.